कोकणात समुद्र दिसेल अशी भातशेती बघायला कुठे जावं? आणि कधी?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने जपानचे फोटो दाखवले. नोतो द्वीपकल्पावर वाजिमाजवळ शिरोयोने सेनमाइदा म्हणून जागा आहे, तिथे 1004 इवलीइवली भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरत जातात. फोटो बघितल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय की असं आपल्या कोकणात का नसावं? भात आहे, उतार आहे, समुद्र तर आहेच.

आम्ही आरे-वारेला गेलो होतो, पण मे महिन्यात. सगळा डोंगर तपकिरी. गणपतीपुळे चार वेळा झालंय. या वेळी फक्त शेतं बघायची आहेत. सोबत सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांचा चिरंजीव. जुलैत जावं की सप्टेंबरात?

रूळमित्र

गाडीने जाऊ नका, कोकण रेल्वेने जा. निवसर, आडवली पट्ट्यात खिडकीतून कोपरेच कोपरे, म्हणजे भाताची छोटी खाचरं, दिसतात. समुद्र मात्र दिसणार नाही, रूळ बरेच आत आहेत. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, तुमच्या कामाला ते बरंच.

सड्यावरचा

सायलीताई, आधीच सांगतो म्हणजे हिरमोड नको. पायरी संपली की लाट, असं आपल्याकडे सहसा नसतं. वर जांभ्याचा सपाट सडा, मग उतार, उताराच्या कुशीत गडग्यांनी (रचलेल्या दगडी बांधांनी) तोललेले कोपरे, खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेने मळे, मग माडाची आगरं, आणि त्यापलीकडे समुद्र. शेतात उभ्या राहिलात तर समोर माडांचे बुंधे दिसतील. शेत आणि पाणी एका नजरेत हवं तर सड्याच्या टोकाला थांबायचं. लोक इथेच चुकतात. गाडी थेट खाली बीचवर नेतात, भेळ खातात आणि परत फिरतात.

रस्ता सांगतो. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे. हा रस्ता सड्यावर चढतो, खाडीकडे उतरतो, परत चढतो. प्रत्येक उतार लागायच्या आधी गाडी बाजूला घ्या आणि पाच मिनिटं थांबा. सासूबाईंना चालावं लागणार नाही. पूर्णगडचा किल्ला छोटासा आहे, मुचकुंदी समुद्राला मिळते तिथे. कशेळीला कनकादित्याचं देऊळ बघा, मग देवघळीच्या कड्यावर जा, पण पोराचा हात सोडू नका. ओला जांभा शेवाळाने असा बुळबुळीत होतो की आम्हीसुद्धा आपटतो. आणखी वेळ असेल तर जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वर करा.

आता कधी. जुलैत लावणी असते, खाचरात पाणी भरलेलं, त्यात आभाळ उतरलेलं. देखणं असतं, खोटं कशाला बोलू. पण पाऊस असा की समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. तुम्ही नवरात्राच्या आसपास या. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात वरच्या कोपऱ्यांत लावतात, कारण तिथलं पाणी लवकर ओसरतं. उशिरा पिकणारं गरवं खालच्या मळ्यात, तिथे ओल टिकते. त्यामुळे वरचं पिकून पिवळं झालेलं असतं तेव्हा खालचं अजून हिरवंगार असतं. पिवळा रंग डोंगरावरून रोज थोडा खाली सरकतो. मी पन्नाशी गाठली तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो बघायला जातो, बायको म्हणते शेताला काय नजर लावताय.

आणि सकाळीच बघा, नऊच्या आत. ऊन पाठीमागून येतं, कणसाचं कुसळसुद्धा वेगळं दिसतं. संध्याकाळी सूर्य समोर, शेतं काळी पडतात. सूर्यास्ताचा फोटो मिळेल, भाताचा नाही.

देवगडकर_72

आता बघून घ्या, नंतर काय उरेल सांगता येत नाही. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारावरची नाचणी-वरी गेली आणि काजू-आंबा आला. त्यात वाईट काही नाही, माझंच घर आंब्यावर चालतं. पण भाताचे कोपरेही आता ओस पडतायत. लावणीला माणूस मिळत नाही, जे लावतो ते रानडुक्कर आणि वानर खातात. एक कोपरा सोडला की त्याचा गडगा ढासळतो, वरचं पाणी खालच्याच्या अंगावर येतं, मग खालचाही सोडतो.

तुमच्या त्या जपानी शेतांना 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात भेगा पडल्या होत्या. इथे भूकंप लागत नाही.

सायली_कोथरूड

सड्यावरचा दादा, इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही हो, आभार. शेतातून चालता येईल का? मुलाला भात कुठून येतं ते जवळून दाखवायचं होतं. आणि तुमचं गाव कुठलं? तिथेच येतो की!

सड्यावरचा

गाव मुद्दाम लिहीत नाही, राग मानू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यांचा कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि पुढच्या रविवारी अकरा गाड्या आल्या. भर ऑगस्ट. एक मुलगी पांढरा ड्रेस घालून मेरेवरून चालत होती, मैत्रीण शूटिंग करत होती. मेर म्हणजे बांध, पण सिमेंटचा नव्हे. दरवर्षी चिखल ओढून, पायाने थापून लिंपायचा असतो, त्यातही खेकडे भोकं पाडतात. तिच्या पायाखालची हातभर मेर बसली आणि वरच्या कोपऱ्याचं पाणी भळाभळा खाली. नुकतंच खत मारलेलं, तेही गेलं.

मी ओरडणार होतो. आई फावडं घेऊन आली, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं, तिला म्हणाली, "बाय माझे, मेर मोडलीस. आता पानी कोन धरनार?" मुलगी रडकुंडीला आली. मग आईने तिलाच चिखलाचे गोळे द्यायला लावले, मेर बांधून घेतली आणि घरी नेऊन चहा पाजला. ड्रेसचं काय झालं असेल ते विचारू नका.

तर चालता येतं, पण विचारून. खळ्यात कुणीतरी असतंच, हाक मारा. कुठून चालायचं ते तेच दाखवतील. भात फुलोऱ्यात असेल तर आत शिरू नका. मुलाला बूट घाला, सड्यावर फुरसं (विषारी साप) असतं आणि ते पाचोळ्यात दिसत नाही. पायाला जखम असेल तर चिखलात पाय नको, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती.

सायली_कोथरूड

जाऊन आलो! पूर्णगडच्या अलीकडे एका घरी हाक मारली. घरच्यांनी सासूबाईंसाठी प्लॅस्टिकची खुर्ची थेट सड्याच्या टोकाला नेऊन ठेवली आणि त्या दीड तास हलल्या नाहीत. दादा म्हणाले तसंच, वर पिवळं, खाली हिरवं, मध्ये माड आणि मग निळं. फोटोत यातलं निम्मंही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तासभर पाऊस कोसळला आणि वरचं पिकलेलं भात जागोजागी आडवं झालं. आम्ही "किती छान गारवा" म्हणत बाहेर आलो, तर घरातले काका न बोलता आभाळाकडे बघत उभे होते. मग मीही गप्प बसले. नऊच्या सुमारास ऊन आलं तशी त्यांनी विळे काढले. चिरंजीवाने एक पेंढी बांधली, तीही सुटली.

निघताना आजींनी मूठभर लोंब्या दिल्या, म्हणाल्या नवं म्हणून दाराला बांध. गॅलरीच्या दाराला बांधल्यात. कबुतरांना अजून पत्ता लागलेला नाही.