एलिझाबेथ बेनेटला मान मिळतो, मग फॅनी प्राइसला का नाही?

पानवेल:
जेन ऑस्टेनच्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या, आधी प्राइड अँड प्रेज्युडिस (१८१३) आणि लगेच मॅन्सफील्ड पार्क (१८१४), तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. पहिलीतल्या एलिझाबेथकडे पैसा नाही, वडील गेले की राहतं घरसुद्धा नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार, तरी बड्या घरची लेडी कॅथरीन सगळ्यांदेखत वय विचारते तेव्हा ती म्हणते की तीन धाकट्या बहिणी मोठ्या झाल्यात, आता मी वय कशाला कबूल करू, आणि ती बाई अवाक होते कारण तिला असं उत्तर कुणी दिलेलंच नसतं. उलट दुसरीतली फॅनी लहानपणापासून मावशीच्या घरी आश्रित, दिवसभर सगळ्यांचं करते आणि कुणी विचारत नाही. मान मिळतो तो आत्मविश्वासामुळेच का? मला तर फॅनीचा रागच आला, ही बोलत का नाही म्हणून.

दुपारचा चहा:
पण एलिझाबेथमध्ये तो आत्मविश्वास आला कुठून ते बघा ना. ती वडिलांची लाडकी. कॉलिन्सला नकार दिला तेव्हा आई म्हणते याच्याशी लग्न नाही केलंस तर तुझं तोंड बघणार नाही, आणि वडील म्हणतात केलंस तर मी बघणार नाही. पाठीशी असं कुणी असलं की माणूस बोलायला भीत नाही. फॅनीला थोरली मावशी, मिसेस नॉरिस, काय सांगते? कुठेही गेलीस तरी तू सगळ्यात खालची आणि सगळ्यात शेवटची. हे ऐकत मोठी झालेली पोरगी चारचौघात काय बोलणार!

सायंतारा:
फॅनी बोलत नाही हे मला अजिबात पटत नाही. तिला मागणी घालणारा हेन्री क्रॉफर्ड श्रीमंत, सगळं घर त्याच्या बाजूने, आणि ती नाही म्हणते, तेही मावशीच्या नवऱ्यासमोर, सर थॉमससमोर, ज्यांच्या पावलांचा आवाज ऐकला तरी ती थरथरते. ते तिला स्वार्थी, कृतघ्न काय काय म्हणतात, ती रडरड रडते पण शब्द फिरवत नाही. त्याच भेटीत त्यांच्या लक्षात येतं की बाहेर बर्फ पडलाय आणि हिच्या खोलीत विस्तवच नाही, इतकी वर्षं नव्हताच, मिसेस नॉरिसने तशी अटच घातली होती. नंतर ती बाहेर फिरून येते तर खोलीत शेकोटी पेटलेली. काकांचा राग गेलेला नाही, लग्नाचा आग्रहही सुटलेला नाही, पण त्या घरात ही थंडीने कुडकुडते हे कुणालातरी दिसलं. मला ती शेकोटी एलिझाबेथला लग्नानंतर मिळालेल्या पेम्बर्लीच्या अख्ख्या वाड्यापेक्षा मोठी वाटते.

कोरा कागद:
यात ऑस्टेनची पर्सुएजन यायलाच हवी. अ‍ॅन इलियट २७ वर्षांची, घरात तिच्या शब्दाला काडीची किंमत नाही, ती फक्त अ‍ॅन. पूर्वी तिचं ज्याच्याशी लग्न ठरून मोडलं त्या वेंटवर्थला ठाम मनाची मुलगी हवी म्हणून अ‍ॅनच्या बहिणीची नणंद लुइझा, तिचं कौतुक चाललेलं. आणि समुद्रकाठच्या लाइमला, कॉब नावाच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर तीच लुइझा नको म्हटलं तरी हट्टाने परत उडी मारते आणि डोक्यावर आपटते. सगळे हातपाय गाळून उभे, वेंटवर्थसुद्धा. तेव्हा अ‍ॅन सांगते सर्जनला बोलवा, आणि वेंटवर्थ स्वतः धावायला निघतो तर म्हणते सोबतच्या बेनविकला पाठवा, त्याला गाव माहितीये. आवाज चढवत नाही काही नाही, आणि सगळे तिच्याकडे बघून हलतात. लुइझाचा होता तो आत्मविश्वास, अ‍ॅनचं ते भान. त्या दिवसानंतर वेंटवर्थची नजर बदलते.

पानवेल:
सायंतारा, तुमचं वाचून काल रात्री तो चॅप्टर परत काढला. सर थॉमस खोदून खोदून विचारतात आणि ती अडखळत एवढंच म्हणते की लग्न करण्याइतका मला तो आवडू शकत नाही. पहिल्यांदा मी ते अडखळणंच वाचलं होतं, वाक्य वाचलंच नव्हतं. फॅनीवरचा राग मागे घेते. पर्सुएजन आज सुरू करतेय.