अदिस अबाबात १४ तासांचा थांबा: आईला घेऊन बाहेर पडावं का?

वाटसरू_पुणे
डिसेंबरात टोरांटोहून मुंबईला परतताना अदिस अबाबात १४ तास काढायचे आहेत. सकाळी उतरणार, रात्री पुढचं विमान. वार शुक्रवार. सोबत आई, वय ६८, पूर्ण शाकाहारी. शहरात चक्कर मारावी का? तिथलं घड्याळही वेगळं असतं म्हणे. नवख्या माणसाला काय जड जातं, जाणकारांनी सांगावं.

निळावंती
आधी यलो फीव्हरचं बघा. अदिस अबाबा इथिओपियात, आणि इथिओपिया भारताच्या यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. विमानतळाच्या आवारातच राहिलात तर आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतात. बाहेर पडलात की मुंबईत लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. साठीनंतर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. आईंना देता येत नसेल तर आतच थांबा. विमान कंपनीने शहरातलं हॉटेल दिलं, तरी तिथे जाणं म्हणजे बाहेर पडल्यातच जमा.

घाटवाट
घड्याळाचा घोळ खरा आहे. तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपल्या सकाळी ७ ला तिथे १ वाजतो. तिकिटावर नेहमीचीच वेळ असते, पण टॅक्सीवाल्याशी नुसतं 'चारला या' असं ठरवू नका. त्याचे चार म्हणजे आपले दहा. 'आत्तापासून इतक्या तासांनी' असं सांगा. पावतीवर साल ७-८ वर्षं मागचं दिसलं तर तेही तिथलं पंचांग, १३ महिन्यांचं. बोलताना समोरचा एकदम श्वास आत ओढतो, तो होकार असतो. दचकू नका.

शहर सुमारे २३५० मीटरवर आहे, कळसूबाईपेक्षा ७०० मीटर उंच. जिन्यावर दम लागतो, आईंना घाई नको. संध्याकाळी गारठा पडतो. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा बहुधा थेट मुंबईला जातात.

चूलबोळकी
जेवणासाठी शुक्रवार उत्तम! बुधवारी-शुक्रवारी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास असतो, शिवाय डिसेंबरात ७ जानेवारीच्या गेन्नाआधीचा (तिथला नाताळ) मोठा उपासही चालू असतो. मांस, अंडी, दूध सगळं बंद. 'त्सोम बेयायनेतू' मागा: इंजेरावर मसूर, पालेभाजी, कोबी आणि शिरो, म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच, बर्बेरे मसाल्याचं. इंजेरा म्हणजे टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा डोसा, चांगलाच आंबट. पहिला घास भाजीसकट घ्या. 'बोझेना शिरो' नको, त्यात मांस असतं. उपासाला मासे चालवणारेही आहेत, म्हणून 'आसा' (मासे) नको हेही सांगा.

खरी अडचण उष्ट्याची. एकाच ताटात सगळे जेवतात, आणि आग्रहाने हाताने घास भरवतात. त्याला गुर्शा म्हणतात, तो मायेचा असतो. आईंना चालणार नसेल तर ऑर्डर देतानाच वेगळं ताट मागा. कॉफीच्या तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. पहिल्या कपानंतर उठून जाणं बरं दिसत नाही. वेळ कमी असेल तर बसण्याआधीच सांगून ठेवा.