पोलंडमधील यावोरचे लाकडी चर्च : टिकू नये म्हणून घातलेल्या अटी आणि साडेतीनशे वर्षे उभी असलेली इमारत

प्रश्न – वास्तुवेध

नमस्कार. कामानिमित्त सध्या व्रोत्स्वाफ येथे राहतो. येथून जवळच असलेल्या यावोर या छोट्या गावातील ‘शांतता चर्च’ नुकतेच पाहिले. बाहेरून पाहिले, तर काळ्या तुळयांच्या चौकटी आणि त्यांमधील पांढऱ्या भिंती एवढेच दिसते. एखादे मोठे धान्यकोठार असावे असा भास होतो. आत मात्र चार मजली रंगीत सज्जे आणि त्यांवर ओळीने चित्रेच चित्रे आहेत. तेथील फलकावर असे लिहिले होते की, हे चर्च बांधताना दगड आणि वीट वापरण्यास बंदी होती. ही बंदी कोणी आणि कशासाठी घातली होती? आणि लाकूड, माती व पेंढा यांची ही इमारत 1655 पासून आजपर्यंत कशी टिकली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – जुनीपाने

बंदीचे कारण राजकीय होते. 1618 ते 1648 या काळातील तीस वर्षांच्या युद्धात सायलेशिया हा प्रांत (यावोर याच प्रांतात आहे) होरपळून निघाला. तो कॅथलिक हाब्सबुर्ग सम्राटाच्या ताब्यात होता, परंतु तेथील बरीचशी प्रजा ल्यूथरपंथीय, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणारी प्रोटेस्टंट, होती आणि तिची चर्चे एकामागून एक काढून घेतली जात होती. 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात प्रोटेस्टंटांची बाजू घेणाऱ्या स्वीडनने आग्रह धरला, आणि सम्राट तिसऱ्या फर्डिनांडला तीन नवी चर्चे बांधू देणे भाग पडले : ग्लोगुव, यावोर आणि श्विद्नित्सा. या तहामुळेच त्यांना ‘शांतता चर्च’ असे नाव पडले.

परवानगी द्यावी लागली, पण ती मनापासून दिलेली नव्हती, हे अटी वाचल्यावर लगेच कळते. चर्च गावाच्या तटबंदीबाहेर असावे. लाकूड, माती, पेंढा अशा नाशवंत वस्तूंचेच असावे. त्याला मनोरा नसावा, घंटा नसावी. आणि बांधकाम एका वर्षात पूर्ण व्हावे. खर्च अर्थातच भाविकांनी करायचा. तटाबाहेरील लाकडी इमारत पुढच्या वेढ्यात सहज जाळता येते, हा हिशेब त्यामागे असावा असे मला वाटते. यावोरचे काम 1654-55 मध्ये आणि श्विद्नित्साचे 1656-57 मध्ये झाले.

उत्तर – तुळई_आणि_खांब

मी व्यवसायाने संरचना अभियंता असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

आराखडा व्रोत्स्वाफच्या आल्ब्रेख्त फॉन सेबिश यांचा आहे. ते तटबंदी बांधणारे लष्करी अभियंता होते आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नेहमीच्या चर्चचा दगडी आराखडा लाकडात उतरवण्याऐवजी त्यांनी लाकडाच्या चौकटीपासूनच विचार सुरू केलेला दिसतो. उभे खांब, आडव्या तुळया आणि तिरके आधार यांची जाळी संपूर्ण भार पेलते. त्यांमधील पेंढामिश्रित मातीचे काम फक्त जागा भरण्याचे असते. आपल्याकडील जुन्या वाड्यांतही लाकडी सांगाडाच भार घेतो आणि मधली वीट केवळ आडोसा करते, तसेच हे आहे. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकली की सांधा थोडासा हलू शकतो, पण सुटत नाही.

आता सज्ज्यांविषयी. परिसरातील सगळ्या ल्यूथरपंथीयांना प्रार्थनेसाठी हेच एक चर्च उरले होते, त्यामुळे सुमारे 44 मीटर लांबीच्या या इमारतीत साडेपाच हजार माणसे सामावून घ्यायची होती. मनोऱ्याला बंदी असली तरी आत मजले चढवण्याला नव्हती! शिवाय या पंथात प्रवचनाला मोठे स्थान असल्यामुळे प्रत्येकाला धर्मोपदेशक दिसणे आणि ऐकू येणे आवश्यक होते, आणि सज्ज्यांमुळे माणसे दूर न जाता वर गेली. माझ्या मते हे सज्जे केवळ बसण्याची सोय नाहीत. मजल्यामजल्यावर खांबांना बांधून ठेवल्याने उंच सांगाड्याला ताठपणा येतो. उंच लाकडी इमारतीला खरा धोका स्वतःच्या वजनाचा नसून वाऱ्याच्या आडव्या धक्क्याचा असतो, आणि ग्लोगुवचे पहिले चर्च 1654 मधील वादळातच कोसळले होते.

टिकण्याविषयी बोलायचे, तर लाकूड जुने झाल्यामुळे कुजत नाही, सतत ओले राहिल्यामुळे कुजते. छप्पर शाबूत असेल आणि पाणी भिंतीत साचत नसेल, तर चौकट शतकानुशतके उभी राहते. येथे माती उपकारक ठरते, कारण ती लाकडालगतचा ओलावा शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की बाहेर सोडते. अशा भिंतीवर पुढे कोणी सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आत कोंडते आणि तुळयांची टोके काही वर्षांतच भुसभुशीत होतात. थोडक्यात, सम्राटाने ज्या मातीला कच्चे समजून परवानगी दिली, तीच लाकडाला जपणारी निघाली.

प्रतिसाद – वास्तुवेध

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. मनोऱ्याला बंदी होती, तर आज यावोरच्या चर्चला लागून मनोरा कसा दिसतो? आणि सज्ज्यांवरील चित्रे मूळचीच आहेत का?

उत्तर – जुनीपाने

मनोरा अर्ध्या शतकानंतरचा आहे. 1707 मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याने सम्राट पहिल्या जोसेफकडून आल्ट्रानश्टेटचा करार करून घेतला, तेव्हा मनोरे आणि घंटा यांवरील बंदी उठली. यावोरला मनोरा चर्चला जोडून बांधला गेला. श्विद्नित्साला मात्र घंटाघर वेगळे उभे आहे. याच करारानुसार सायलेशियात आणखी सहा चर्चांना परवानगी मिळाली.

चित्रे बांधकामानंतर काही वर्षांनी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेली आहेत. बायबलमधील जुन्या आणि नव्या करारातील प्रसंग तेथे क्रमाने येतात, आणि काही सज्ज्यांच्या कठड्यांवर सरदार घराण्यांची व कारागीर संघांची चिन्हे आहेत. पैसे कोणी दिले, याची ती एक प्रकारची जमाखर्चाची वहीच म्हणावी लागेल. बाहेरून साधेपणाची सक्ती होती. आत रंगवण्यावर कोणाची अट नव्हती, आणि लोकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

उत्तर – तुळई_आणि_खांब

तीनपैकी ग्लोगुवचे चर्च पुन्हा बांधले गेले होते, पण 1758 मध्ये ते आगीत नष्ट झाले. उरलेली दोन्ही 2001 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. 1945 नंतर हा भाग पोलंडकडे आला, जर्मन रहिवासी गेले आणि ल्यूथरपंथीय समाज अगदी लहान उरला, त्यामुळे मोठ्या दुरुस्त्या पोलिश आणि जर्मन तज्ज्ञांनी एकत्र येऊन केल्या. आपण व्रोत्स्वाफला आहातच, तर श्विद्नित्साही अवश्य पाहावे. यावोरचे चर्च लांबट आहे, तर तेथे मधला भाग दोन्ही बाजूंना वाढवून क्रुसाचा आकार दिलेला आहे आणि साडेसात हजार माणसांची सोय केलेली आहे. आत शिरल्यावर चित्रांकडे वळण्याआधी सज्ज्यांच्या खालून वर पाहावे. कोणता खांब कोणत्या मजल्याचा भार घेतो, हे तेथूनच नीट समजते.