गडचिरोलीतल्या म्हाताऱ्यांना बीपीची गोळी आशाताईने घरी द्यावी का?

पर्लकोटाकाठ:
'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त माणसं लकव्याने गेली होती, साधारण सातांत एक, आणि त्यातली बहुतेक घरीच. मलेरिया नि कुपोषणाच्या बातम्यांनी ओळखला जाणारा हा जिल्हा! लकव्याचं मोठं कारण वाढलेलं बीपी. त्यावरची ॲम्लोडिपिन स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण ती आणायला दर महिन्याला मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून जायचं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. मग गोळी सुटते.

माझं म्हणणं असं: निदान डॉक्टरने करावं, गोळीही त्यांनीच ठरवावी. त्यानंतर आशाताईने दारात बीपी मोजून गोळ्या द्याव्यात, पावसाळ्याआधी तीन महिन्यांच्या एकदम. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन बीपी मोजत होते. तिथे वरचा आकडा इतर गावांपेक्षा सरासरी ५ ने जास्त उतरला, हे २०२० साली छापून आलं आहे.

गटप्रवर्तक_ताई:
माझा ठाम विरोध. आशा ही पगारी कर्मचारी नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. गरोदर बाया, लसीकरण, मलेरियाचं रक्त, तिशीपुढच्यांचे फॉर्म, सगळं तिच्याच डोक्यावर. त्यात हे. उद्या गोळी खाऊन म्हातारी चक्कर येऊन पडली तर गाव कोणाच्या दारात जाईल? डॉक्टरच्या नाही.

पर्लकोटाकाठ:
पण ताई, मलेरियाची तपासणी करून गोळ्या आशाच देतात. टीबीच्याही देतात. मग बीपीलाच का नाही?

गटप्रवर्तक_ताई:
टीबीचा कोर्स महिन्यांत संपतो. ही गोळी मरेपर्यंतची. म्हणजे दरवर्षी घरं वाढतच जाणार. हा हिशोब कोणी मांडलाय का?

पीएचसीतला_डॉक्टर:
धागाकर्त्याने दिलेल्या दाखल्यात एक गोष्ट राहिली. त्या तीन देशांत कार्यकर्ते बीपी मोजायचे, समजावायचे आणि बीपी जास्त असेल त्याला डॉक्टरकडे पाठवायचे. औषध लिहून द्यायचं काम डॉक्टरांचंच होतं, आणि त्या डॉक्टरांनाही वेगळं प्रशिक्षण दिलं होतं. निम्मी योजना उचलून पूर्ण फळ मिळणार नाही.

दुसरं, सत्तरीपुढचं किडकिडीत माणूस बसल्या जागी मोजलं तर १५० दाखवतं आणि उभं राहिलं की बीपी धाडकन उतरतं. उभं करून मोजायला कोण शिकवणार? ॲम्लोडिपिनने पाय सुजतात. लोक घाबरून गोळी टाकतात, सांगतही नाहीत. पुढची गोळी टेल्मिसार्टन, तिला मूत्रपिंडाची तपासणी लागते. सलग दोनदा बीपी आटोक्यात आलेल्यांनाच तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, एवढं मला मान्य आहे.

रानमेवा:
सगळे गोळीवरच अडलेत. मीठ आणि खर्रा? सकाळी उठल्यापासून खर्रा तोंडात, म्हाताऱ्या बायांच्याही. तंबाखूने हृदय नि रक्तवाहिन्यांचं काय होतं हे सांगायला नको. चीनमधल्या ६०० खेड्यांत लकवा येऊन गेलेल्यांना आणि साठीपुढच्या बीपीवाल्यांना कमी सोडियमचं मीठ दिलं, लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. २०२१चा अभ्यास आहे. रेशनवर असं मीठ द्या, आशाला एक फेरी वाढणार नाही.

पीएचसीतला_डॉक्टर:
त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं, आणि आपल्याकडे मूत्रपिंड अधू आहे हे कळायलाच उशीर होतो. तपासणीशिवाय रेशनवर नको. खर्र्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

एटापल्लीचा_मुलगा:
मी नोकरीसाठी पुण्यात, आई गावी. शहरातले डॉक्टर फोनवर सांगतात, वजन कमी करा, चाला. आई आयुष्यभर मोहफुलं वेचत, तेंदूपानं तोडत चाललीय, अंगावर मांस नाही. तरी बीपी आहे, साखरही आहे. सडपातळ माणसाला हे होत नाही, हा समज आधी काढा. आणि लकवा आलाच, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. आमच्या गावाहून ते कसं जमणार? म्हणून मी दारात गोळी देण्याच्या बाजूने आहे. मीठ-खर्र्याचं काम व्हावंच, पण त्याचं फळ यायला वर्षं लागतील आणि आई आज बहात्तरची आहे.

रानमेवा:
आईची काळजी समजते. पण गोळी सुरू झाली की खर्र्याबद्दल कोणी बोलतच नाही, हे मी गावात पाहतोय. "गोळी खातो ना" हे उत्तर तयार असतं. त्यामुळे माझं मत बदललेलं नाही.

पर्लकोटाकाठ:
डॉक्टरांची अट मी मान्य करतो: आधी दोनदा बीपी आटोक्यात, मग तीन महिन्यांच्या गोळ्या. उभं करून मोजणं प्रशिक्षणात घाला. ताई, तुमची हरकत कामाला आहे की फुकट कामाला?

गटप्रवर्तक_ताई:
फुकट कामाला आणि विनाकारण जबाबदारीला. दर घरभेटीचा मोबदला शासन आदेशात लिहून येऊ द्या, चक्कर, पायाला सूज दिसली तर कोणत्या डॉक्टरला फोन करायचा तो नंबर द्या, बिघडलेलं मशीन आठवड्यात बदलून मिळेल असं लिहून द्या. माझ्या आशा जातील. तोवर विरोध कायम.