आत्ताचे, स्वतंत्र ब्लूज वाजवणारे कुठं शोधायचे?

चाळीसगाववाला:
मंडळी, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, त्यातले जुने दिग्गज बी. बी. किंग, मडी वॉटर्स, हाऊलिन वुल्फ मनसोक्त ऐकून झालेत, आता मला आज वाजवत फिरणारे, मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या भरवशावर नसलेले लोक ऐकायचेत. यूट्यूबवर ब्लूज टाकलं की तीन-तीन तासांचे 'रिलॅक्सिंग ब्लूज' येतात, गिटार कोणाची, गाणारा कोण, काहीच पत्ता नाही. जळगाव-धुळ्याकडे कोणी ऐकतं का हे? सुरुवात कुठून करू?

भुसावळ जंक्शन:
ऐकतो ना भो! आधी ते लांबलचक व्हिडिओ बंद कर, त्यातले बरेच आता एआयनं बनवलेले असतात. वादकांची नावं दिलेली नसतील तर सरळ पुढं जा. मग एक माणूस पकड आणि त्याचा माग काढत जा, त्याच्यासोबत कोण वाजवतंय, रेकॉर्ड कोणत्या लेबलनं म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं काढली, त्या लेबलवर अजून कोण आहे. माझं म्हणशील तर सेड्रिक बर्नसाइडपासून सुरू कर. जुने ब्लूजवाले आर. एल. बर्नसाइड यांचा नातू, उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांकडचा, पोरवयातच आजोबांच्या मागं ड्रमवर बसायचा, आता स्वतः गिटार घेऊन गातो, २०२२ मध्ये ग्रॅमी पुरस्कारपण मिळाला. तिकडच्या ब्लूजमध्ये, त्याला 'हिल कंट्री ब्लूज' म्हणतात, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर फार बदलत नाहीत, एकच ठेका धरून बसतात, आधी वाटतं गाणं पुढं सरकतच नाहीये आणि मग कधी पाय हलायला लागतो कळत नाही. मला तर हेच सगळ्यात जास्त भिडतं. मिसिसिपीतलाच, पण टेकड्यांऐवजी सपाट डेल्टा भागातल्या क्लार्क्सडेलचा गिटारवाला किंगफिश इन्ग्रम, १९९९ चा जन्म, म्हणजे आपल्या कॉलेजच्या पोरांपेक्षा थोडाच मोठा. तोही कापसाचाच मुलूख. शिकागोच्या अ‍ॅलिगेटर या स्वतंत्र लेबलनं त्याला पुढं आणलं, १९७१ पासून चालू आहे ते, त्यांची यादी चाळ.

तापीकाठची:
दादा, फक्त अमेरिकेतच अडकू नका, आफ्रिकेतल्या वाळवंटाकडच्या गिटारच्या गाण्यांनाही 'डेझर्ट ब्लूज' म्हणतात. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात अहिराणी गाणी भरून द्यायचे ना, पश्चिम आफ्रिकेतही तसंच चालायचं, नायजरच्या एमडू मोक्तारची गाणी आधी अशीच मोबाइलवरून मोबाइलवर पसरली. त्याची पहिली गिटार त्यानंच बनवलेली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या होत्या! सहेल साउंड्स नावाच्या छोट्या लेबलनं ती गाणी बाहेर आणली. मालीचा तिनारिवेन हा बँडपण ऐका. आणि आपल्याच देशातलं शिलाँगचा सोलमेट बँड, २००३ पासून वाजवताहेत, २००७ मध्ये मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज या स्पर्धेला जाऊन आले. त्यांची गायिका टिप्रिती खारबंगारचा आवाज हेडफोन लावून ऐका प्लीज.

चाळीसगाववाला:
वा, ताई, भाऊ, भारीच. बर्नसाइड लगेच लावला. विकत घ्यायचं तर कुठून, म्हणजे पैसे त्याच माणसाला पोचतील असं?

भुसावळ जंक्शन:
बँडकॅम्प, कलाकारांची गाणी विकणारी वेबसाइट. डिजिटल अल्बमवर ते १५ टक्के घेतात, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला जातं. काही ठरावीक शुक्रवारी तर ते आपला वाटापण सोडून देतात, २०२० पासून चालू आहे. बऱ्याच जणांचे अल्बम आधी तिथंच फुकट ऐकता येतात, आवडला तरच घे. शोधताना नुसतं ब्लूज नको टाकू, 'डेल्टा ब्लूज' किंवा 'हिल कंट्री ब्लूज' असा टॅग लाव आणि नवीन आलेले आधी बघ. फक्त बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू कर, नाहीतर पेमेंट अडकतं.