घरच्या गॅरेजमध्ये दोन खांबांची लिफ्ट: छत १० फूट, जमेल का?

पुठ्ठेवाला:

मंडळी, बारा वर्षं गाडीखाली पुठ्ठा अंथरून, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावून कामं करतोय. मागच्या रविवारी सायलेन्सरचा गंजका नट सोडवताना सगळा भुगा डोळ्यात गेला आणि कंबर अशी धरली की बायकोने पाय धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून लिफ्टचं खूळ डोक्यात आहे.

गॅरेज १३ फूट रुंद, २१ फूट लांब, छत १० फूट. एक सेदान (उंची ५७ इंच) आणि एक उंच गाडी (६६ इंच). जमीन काँक्रीटची, वर फरशी. दार रिमोटचं आहे, उघडलं की छताला समांतर आत येतं. कामं म्हणजे ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन आणि हिंमत झाली तर गिअरबॉक्स. दोन खांबांची घेऊ की चार? आणि छत पुरेल का?

तिरका_खांब:

छताचं सगळे विचारतात, जमिनीचं कुणी विचारत नाही. तुम्ही "वर फरशी" हे जाता जाता लिहिलंय, माझं लक्ष तिथंच अडकलं.

आधी छत उरकतो, ते सोपं आहे. १२० इंचांतून उंच गाडीचे ६६ वजा करा, वर चार बोटं मोकळी सोडा. चाकं जमिनीपासून जेमतेम ५० इंच वर जातील. ताठ उभं राहता येणार नाही, चाकाच्या स्टुलावर बसून काम होईल. मी सात वर्षं तसंच करतोय आणि आता बसूनच बरं वाटतं. फक्त दोन खांबांना वरून जोडणारी आडवी तुळई असते तो प्रकार घेऊ नका, त्याला साडेअकरा-बारा फूट लागतात. केबल आणि होज (तेलाची नळी) जमिनीवरच्या लोखंडी पट्टीखालून जातात तो घ्या. मध्ये छोटा उंबरठा येतो, ट्रॉली जॅक ओढताना दर वेळी तोंडात शिवी येते, पण इलाज नाही.

आता जमीन. गाडी खांबांच्या मधोमध, खांबातून आत येणाऱ्या लोखंडी हातांवर लटकलेली. म्हणजे वजन खांबाला आत वाकवू बघतं आणि खांबाच्या बाहेरच्या अंगाचे बोल्ट जमिनीतून उपटू बघतं. तुम्ही खाली बसलेले असताना दीड टन गाडी त्या बोल्टांच्या पकडीवर असते. बहुतेक लिफ्टच्या पुस्तिकेत किमान ४ इंच जाडीचं, ३००० पीएसआय (मजबुतीचं माप) काँक्रीट मागतात, तेही ओतून २८ दिवस झालेलं. फरशी आणि तिच्याखालचा माल या ४ इंचांत धरायचा नाही. खांबाच्या बुडाखालची फरशी काढावीच लागेल. फरशीवरून बोल्ट आवळलात तर फरशी आज ना उद्या फुटणार आणि त्या दिवशी बोल्ट ढिला.

जाडी मोजायची सोपी युक्ती आहे. खांबाची जागा सोडून थोडं बाजूला बारीक भोक आरपार पाडा. तारेचं टोक काटकोनात वाकवून आत सोडा, फिरवा आणि वर ओढा. टोक स्लॅबच्या खालच्या कडेला अडकलं की तारेवर खूण करा. (त्याआधी खालून पाण्याचा पाइप किंवा वायर जात नाही ना, बघून घ्या. काही स्लॅबमध्ये ताण देऊन बसवलेल्या केबल असतात, तसं असेल तर ड्रिलला हातच लावू नका.) दोन्ही खांबांच्या जागी मोजा! माझ्याकडे एका बाजूला सव्वापाच इंच निघाले आणि दुसऱ्या बाजूला तीन. त्या बाजूचा चार बाय चार फुटांचा चौकोन कापला, फूटभर खणला, सळया जुन्या स्लॅबमध्ये इपॉक्सीने रोवल्या आणि नव्याने ओतलं. मग २८ दिवस लिफ्ट खोक्यात आणि मी कॅलेंडरपुढे.

चौथा_गिअर:

माझी चार खांबांची आहे. गाडी सरळ पट्ट्यांवर चढवायची, वजन चारही खांबांतून सरळ खाली. उपटायचा प्रश्न नाही, त्यामुळे जमिनीचे नखरे कमी. ऑइल बदलायला आणि एकावर एक गाड्या ठेवायला झकास. पण चाकं पट्टीवरच टेकलेली राहतात. ब्रेक करायचे तर पट्ट्यांच्या मध्ये सरकणारा वेगळा जॅक लागतो. आणि तुमच्या दोन गाड्यांची बेरीजच १२३ इंच झाली, पट्टीची जाडी धरलेलीच नाही. म्हणजे एकावर एक ठेवायचा मोह सोडा.

पुठ्ठेवाला:

तार टाकून बघितली. फरशी आणि माल मिळून दोन इंच, त्याखाली काँक्रीट डावीकडे साडेपाच, उजवीकडे पाच. बायको म्हणते, फरशी गेली तरी चालेल पण पुन्हा पाय ओढणार नाही. म्हणजे दोन खांबच. बसवताना आणि पहिल्यांदा गाडी चढवताना काय सांभाळू? आणि तिरका_खांब हे नाव कशावरून?

तिरका_खांब:

नाव त्याच उद्योगावरून. पाणी वाहून जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला बहुधा दाराकडे उतार असतो. मी दीड फुटी पाणसाळ खांबाला लावली, बुडबुडा मध्ये दिसला, आवळून टाकलं. नंतर बघतो तर लिफ्टचे रिकामे हात सोडले की आपोआप दाराकडे फिरायचे, भुतानं ढकलल्यासारखे. वरून ओळंबा सोडला तेव्हा कळलं, माथा बुडापेक्षा पाऊण इंच पुढे. सगळे बोल्ट सोडून बुडाखाली नालेच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या सरकवल्या. ओळंबाच लावा, दोन्ही दिशांनी.

त्याआधी एक दिवस खडूला द्या. खांबांची बुडं जमिनीवर आखा, जागेवर खांबाइतकी उंच खोकी उभी करा, गाडी आत घ्या आणि दार उघडून उतरून बघा. दार खांबावर आपटतं, हे बोल्ट मारल्यावर कळून उपयोग नाही.

भोकं पाडली की आतली धूळ फुंकून, ब्रश फिरवून पूर्ण काढा. धुळीत बोल्ट धरत नाही. टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. नट नुसताच फिरत राहिला, आकडा गाठतच नाही, तर तो बोल्ट धरलेला नाही. तिथे "असू दे" म्हणू नका. दोन-तीन आठवडे वापरल्यावर सगळे पुन्हा तपासा. माझे दोन पाव फेरा फिरले होते.

लिफ्टचं तेल भरल्यावर रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, सिलिंडरमधली हवा निघते. वर जाताना कान द्या. दोन्ही खांबांतले खटके (गाडी खाली घसरू नये म्हणून अडकणारी लोखंडी कुलपं) एकदमच वाजले पाहिजेत. एकीकडे आधी आणि दुसरीकडे मागून असं ऐकू आलं तर दोन्ही बाजू जोडणारी केबल एकीकडे सैल आहे, ती आवळून जुळवा.

गाडी घेताना पॅड (हातांच्या टोकाचे, गाडीला टेकणारे) कुठे लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, अंदाजपंचे नको. दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर उचलायची असेल तर खाच असलेलं रबर लावा, नाहीतर कड दुमडते. चाकं वीतभर उचलली की थांबा, बंपर धरून गाडी चांगली हलवा. मन मानलं नाही तर खाली घ्या, पॅड सरकवा, पुन्हा. वर पोचल्यावर गाडी खटक्यावर बसेपर्यंत थोडी खाली सोडा. तेलाच्या दाबावर उभ्या गाडीखाली मी जात नाही. उतरवताना उलटं, आधी दोन बोटं वर, दोन्ही खटके सुटलेले बघून मगच खाली.

गिअरबॉक्स पुढचा उतरवलात की मागचं अंग जड होतं. आधीच मागे उंच घोडी लावून ठेवा.

चौथा_गिअर:

आणि ते रिमोटचं दार? त्यावर कुणीच बोललं नाही.

तिरका_खांब:

टाळत होतो. गाडी वर, मी खाली, दार बंद. मुलगा बाहेरून सायकल घेऊन आला आणि रिमोट दाबला. दाराची वरची फळी सरकत येऊन डिकीला टेकली, मोटर घरघरून बंद पडली. गाडी तसूभरही हलली नाही, पण मी स्टुलासकट भिंतीपर्यंत गेलो होतो. दाराचे रूळ छताजवळ उचलून घेता येतात आणि मोटर बाजूच्या भिंतीवर बसवता येते, ते मी नंतर करून घेतलं. तरी अजून लिफ्टचं बटण दाबायच्या आधी दाराच्या मोटरचा प्लग काढून खिशात टाकता येत नाही म्हणून निदान खांबाला लटकवतो.

पुठ्ठेवाला:

रूळ आधी, लिफ्ट नंतर. खडू आणलाय, खोकी शोधतोय.