माडावर चढताना दोर लांब-आखूड करायला कोणतं साधन घ्यावं?

चेंबूरकर:
सोसायटीत सहा माड आहेत. पावसाआधी नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवायच्यात. पाडेल्यासाठी (माडावर चढून नारळ पाडणाऱ्यासाठी) हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा, आणि ११ मिमी दोर घेतोय. कमरेचा दोर आवळायला काय घ्यावं? परदेशात शिकारी झाडावर रोपमॅन (दोर चिमटीत धरणारं छोटं धातूचं साधन) वापरतात, तो चालेल? की प्रुसिक गाठ (दोराभोवती बारीक दोरीचे वेढे, वजन पडलं की आवळणारे) पुरे?

दोरखंड:
शिकारी एका जागी बसून असतो, त्याचा दोर सतत ताणलेला असतो. पाडेली मात्र दर दोन हातांवर दोर वर सरकवतो आणि प्रत्येक वेळी तो क्षणभर सैल पडतो. रोपमॅन वजन असताना सुटत नाही, आधी सगळा भार पायांवर घ्यावा लागतो. दमलेल्या पायांनी हे करायला लावू नका. भार असतानाही थोडं थोडं सोडता येणारं, हँडलवालं साधन घ्या, पेत्झल झिलॉनच्या जातीचं. त्यावर ईएन ३५८ हे कमरेच्या आधारदोराचं युरोपीय मानक लिहिलेलं हवं.

साधनावर कोरलेला दोराचा व्यास वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. १३ मिमीसाठी बनवलेल्या कॅममध्ये (दोर दाबून धरणाऱ्या फिरत्या भागात) ११ मिमी दोर घसरतो. दात असलेला कॅम तर नकोच. साधारण ४ ते ६ किलोन्यूटनचा (सुमारे ४०० ते ६०० किलो वजनाइतका) झटका बसला की दात दोराचं आवरण फाडतात, आणि कमी ताणल्या जाणाऱ्या दोरावर ८० किलोचा माणूस तीन फूट पडला तर एवढा झटका सहज बसतो.

साधनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे माडाला फांदी नसते. खोडाभोवती नुसता वळसा असेल तर पाय सुटल्यावर दोर माणसासकट खाली घसरत येतो. म्हणून दुसरा दोर फासासारखा लावा, वजन पडलं की तो खोडाला आवळतो. एक सरकवताना दुसरा अडकवलेलाच हवा. नारळांची पेंड (घड) किंवा झावळ तोडताना दोन्ही.

गाठमारे:
प्रुसिक वाईट नाही, स्वस्तही पडते. पण नीट मारा. ११ मिमी दोरावर ८ मिमी नायलॉनची दोरी, तीन वेढे, म्हणजे बाहेरून सहा पीळ दिसले पाहिजेत. दोरीची टोकं जोडायला डबल फिशरमन गाठ, टोकं किमान ८ सेमी बाहेर. पीळ एकमेकांवर चढले की पकड जाते, म्हणून प्रत्येक वेळी बोटांनी सारखे करा. डायनीमाची (एका मजबूत प्लास्टिक धाग्याची) दोरी घेऊ नका, ती गुळगुळीत असते आणि १४५ अंशांच्या आसपास वितळते. प्रुसिकचा खरा तोटा म्हणजे पूर्ण वजन पडल्यावर गाठ इतकी घट्ट बसते की एका हाताने सुटत नाही. तिच्या खाली छोटी कप्पी लावली तर दोर आखूड करणं एका हाताने जमतं, सैल करणं नाही.

चेंबूरकर:
कोयता दोराला लागला तर? तारेचा गाभा असलेला दोर घेऊ का?

दोरखंड:
ओझरत्या घावाला तो टिकतो, मोटरच्या करवतीला नाही. त्याला साधनही तारेच्या दोरासाठीच बनवलेलं लागतं. शिवाय जवळून विजेची तार जात असेल तर तो नकोच, आधी वीज बंद करून घ्या.

खारेवारे:
चेंबूरच्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि कॅमची स्प्रिंग अडकते. कामानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. कॅम बोटाने दाबून सोडला की टपकन परत आला पाहिजे, रेंगाळला तर बाद. दोराच्या मोकळ्या टोकाला जाड गाठ मारा, नाहीतर साधन टोकावरून निसटतं. वर चढण्याआधी जमिनीपासून फूटभरावर पाडेल्याने पूर्ण वजन टाकून दोन-तीन हिसके द्यावेत, ओल्या दोरावर पुन्हा. हिरव्या झावळ्या छाटायच्या असतील तर पालिकेच्या उद्यान खात्याला आधी विचारा.